इंजिन बदललं की गाडी वळणात नाकाने बाहेर का पळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोक्सवॅगनच्या दुसऱ्या पिढीच्या गोल्फ हॅचबॅकमधलं चार सिलिंडरचं इंजिन काढून त्याजागी त्याच कंपनीचं २.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्हीआर६ बसवलंय. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट जाते, पण वळणात स्टिअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच पळतं. म्हणून पुढच्या स्प्रिंगा दीडपट कडक आणि आखूड टाकल्या, तर त्रास वाढला. मागे जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलंडणं रोखणारा आडवा दांडा) लावला, त्याने काहीच फरक पडला नाही. मित्राने हेच इंजिन त्याच पिढीच्या जेट्टात, म्हणजे गोल्फच्याच डिकीवाल्या सेडानमध्ये बसवलंय आणि ती गाडी बरीच शहाण्यासारखी वळते. मग दोष बॉडीचा की सस्पेन्शनचा?

गेली बावीस वर्षं मी इंजिन बदललेल्या गाड्यांची सस्पेन्शन लावतोय, आणि या प्रश्नावर लोक ताकदीबद्दल बोलतात, वजनाबद्दल कुणी बोलत नाही. वळणात तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा इंजिन किती अश्वशक्तीचं आहे याला काही अर्थ नसतो. तेव्हा ते फक्त एक ओझं असतं. ते कुठे ठेवलंय, त्याचा भार कुठल्या चाकावर किती जातो, आणि तो भार पेलणारे आर्म आता कुठल्या कोनात उभे आहेत, एवढंच टायरला कळतं.

आधी ओझ्याचा हिशेब करू. आकडे गोल धरतो, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे निघतील. व्हीलबेस २५०० मिमी. जुनं इंजिन १२० किलोचं, त्याचा भारमध्य पुढच्या ॲक्सलच्या १०० मिमी मागे. त्यामुळे पुढच्या ॲक्सलवर त्याचे ११५ किलो पडत होते, मागच्यावर ५. नवं इंजिन लोखंडी ब्लॉकचं, २०० किलोचं. आडवं बसवल्यावर त्याचा बराचसा भाग ॲक्सलच्या पुढे लोंबतो. भारमध्य ॲक्सलच्या ३०० मिमी पुढे गेला असं धरा. आता पुढच्या ॲक्सलवर पडतात २२४ किलो. इंजिनच्या वजनापेक्षा जास्त, कारण ते तराजूच्या बाहेर लटकतंय. ते जास्तीचे २४ किलो मागच्या ॲक्सलवरून उचलले जातात. गाडी वाढली ८० किलोंनी, पण पुढचा ॲक्सल वाढला १०९ किलोंनी आणि मागचा २९ किलोंनी हलका झाला.

हे २९ किलो लक्षात ठेवा. तुमच्या मागच्या बारचं कोडं त्यातच आहे.

पुढे ५४-५५ किलो प्रत्येक चाकावर वाढले. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी असेल तर नाक २७ मिमी खाली बसतं. मागे प्रत्येक चाकावरचे १४-१५ किलो कमी झाले, शेपूट ७ मिमी वर येतं. म्हणजे गाडी पुढे झुकून उभी राहते, आणि अडीच मीटरच्या लांबीत ३४ मिमीचा फरक म्हणजे पाऊण अंशाचा कल. तेवढाच कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, गेला. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, सरळ रस्त्यावर गाडी थोडी भटकते, अशी तक्रार लोक करतात आणि स्टिअरिंग रॅक बदलायला निघतात. रॅक चांगला असतो.

आता लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा, बघा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी करून खाली वाकून बघायचं, लिफ्टवर लटकवून नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच उभ्या खांबात, तुमच्या गाडीत पुढे आहे तसं) मूळ उंचीला लोअर आर्मचं बॉल जॉइंटकडचं टोक आतल्या बुशपेक्षा थोडं खाली असतं. तुमच्या गाडीत मला खात्री आहे की ते टोक आता वर गेलेलं दिसेल: आधी इंजिनच्या ओझ्याने, मग आखूड स्प्रिंगांनी. इथून पुढे दोन गोष्टी बिघडतात. एक, चाक वर सरकताना जो थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) मिळायचा तो मिळेनासा होतो, उलट पॉझिटिव्हकडे जायला लागतो, आणि बाहेरचा टायर वळणात खांद्यावर चालतो. तुमच्या टायरची बाहेरची कड बोटाने चाचपून बघा, करवतीसारखी लागेल. दोन, रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो, झपाट्याने खाली जातं. बॉडी २७ मिमी खाली आली तर भारमध्यही साधारण तेवढाच खाली येतो, पण स्ट्रटमध्ये रोल सेंटर त्याच्या दुपटीनेही खाली जाऊ शकतं. दोघांमधलं अंतर म्हणजे बॉडीला कलंडवणारा दांडा. तो लांबला. म्हणून गाडी बसकी दिसते पण आधीपेक्षा जास्त कलंडते. बसकी गाडी म्हणजे चांगलं वळण, ही समजूत स्ट्रटच्या गाड्यांत फार महागात पडते.

टाय रॉडही, म्हणजे चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडाही, त्याच कोनात वर गेला. खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग हातात स्वतःहून वळवळतं (याला बंप स्टिअर म्हणतात), ते याच्यामुळे.

आता कडक स्प्रिंगांकडे येऊ. टायरची पकड भारासोबत वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. समजण्यापुरते आकडे घ्या: ३०० किलो भाराचा टायर ३०० किलोइतकी आडवी पकड देतो. वळणात बाहेरच्या टायरवर ४५० आणि आतल्यावर १५० झाले, तर बाहेरचा ४५० देत नाही, ४२० देतो. आतला १६० देतो. मिळून ५८०. भार तेवढाच राहिला आणि २० किलोंची पकड हवेत विरली. एखाद्या ॲक्सलवर आतून बाहेर जितका भार ढकलाल, तितकी त्या ॲक्सलची पकड कमी. आणि हा ढकलला जाणारा भार पुढे-मागे कसा वाटला जातो, तर ज्या टोकाचा कलंडण्याला विरोध जास्त, ते टोक जास्त घेतं. तुम्ही फक्त पुढचं टोक दीडपट कडक केलंत. म्हणजे आधीच ओझ्याखाली दबलेल्या पुढच्या बाहेरच्या टायरवर आणखी ओझं टाकलंत. नाक बाहेर पळणारच.

मग पुढच्या स्प्रिंगा मूळच्याच ठेवायच्या का? नाही. ओझं वाढलंय तेवढा कडकपणा वाढलाच पाहिजे, पण तेवढाच. पुढच्या ॲक्सलवर आधी ५६० किलो होते असं धरा, त्यातले चाकं, हब, ब्रेक मिळून ७० किलो स्प्रिंगवर नसतात. म्हणजे स्प्रिंगवर ४९० होते, आता ५९९. वाढ २२ टक्के. कडकपणाही २२ टक्क्यांनीच वाढवला की बॉडीची हेलकावण्याची लय मूळची राहते. डॅम्परही (शॉक ॲब्सॉर्बर) तेवढ्याच प्रमाणात घट्ट हवा, विशेषतः स्प्रिंग उलगडताना. जुन्या डॅम्परवर दीडपट स्प्रिंग म्हणजे गाडी दर खड्ड्यानंतर दोनदा नाचते, आणि नाचणाऱ्या चाकाला पकड नसते.

या प्रकरणात बंप स्टॉपही, म्हणजे चाल संपते तिथला रबराचा ठोकळाही असतो आणि तो कुणी तपासत नाही. मागे एकदा अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, वळणाच्या मध्यावर अचानक नाक सुटायचं. डॅम्परच्या दांड्याला मी एक छोटा केबल टाय बांधला, खाली सरकवून ठेवला आणि गाडी नेहमीच्या वळणावरून एक चक्कर मारून आणली. टाय पार वरपर्यंत ढकलला गेला होता, आणि बंप स्टॉपच्या रबरावर गोल चकचकीत वळ उमटला होता. गाडी उभी असताना मोजलं तर रबरापर्यंत फक्त ११ मिमी उरले होते. म्हणजे प्रत्येक वळणात पुढची गाडी स्प्रिंगवर नव्हे, रबरावर चालत होती. त्या क्षणी पुढचा कडकपणा कितीतरी पटींनी वाढतो आणि वर सांगितलेलं सगळं एका झटक्यात घडतं. स्ट्रट आतून आखूड करून घेतला, म्हणजे उंची तीच ठेवून चाल परत मिळवली, आणि ती गाडी दुसऱ्या दिवशी माणसात आली.

आता मागचा बार. तुमच्या गाडीला मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पिळणारी तुळई आहे. तो बीम स्वतःच अँटी-रोल बारचं काम करतो, आणि अशा हॅचबॅक जोरात वळल्या की मागचं आतलं चाक जमिनीवरून उचलतात. तो दोष नाही. पण ते चाक एकदा हवेत गेलं की मागच्या ॲक्सलवरचा सगळा भार बाहेरच्या चाकावर गेलेला असतो. आणखी ढकलायला काही शिल्लक नसतं. त्यापुढे कलंडण्याचा सगळा भार पुढच्या ॲक्सलला घ्यावा लागतो. मागच्या चाकावर आधी १६० किलो होते आणि आता १४५ उरलेत, तर चाक आधीच्यापेक्षा लवकर उचललं जातं. त्यात तुम्ही जाड बार लावलात, म्हणजे ते आणखी लवकर उचललं गेलं. वळणाच्या सुरुवातीला फरक पडला असेल, पण जिथे तुम्हाला हवा होता तिथे बारचं काम संपून गेलेलं होतं.

इथेच जेट्टा वेगळी पडते. खालचा प्लॅटफॉर्म तोच, पुढचे स्ट्रट तेच, मागचा बीमही त्याच जातीचा. पण डिकीचा पत्रा, तिचं झाकण आणि त्यात राहणारं सामान मागच्या ॲक्सलच्या पलीकडे आहे. तुमचं इंजिन जसं पुढे लोंबून स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं, तशीच ती डिकी मागे लोंबून टाकते. मागचं आतलं चाक उशिरा उचललं जातं, म्हणून मागचा ॲक्सल आपला वाटा जास्त वेळ उचलत राहतो आणि पुढच्या टायरला श्वास मिळतो. मित्राची गाडी सस्पेन्शनमुळे नव्हे, शेपटीमुळे बरी वळते. ब्रेक लावत वळणात शिरताना तीच शेपूट त्याला घाबरवूही शकते, कारण दोन्ही टोकांना जड असलेली गाडी एकदा फिरायला लागली की थांबवायला वेळ घेते.

बॉडीचा दुसरा भाग म्हणजे पीळ. गाडीची बॉडी ही पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनला जोडणारी एक मोठी स्प्रिंग आहे. मागे बार लावून पुढचा तोल सुधारायचा, तर त्याचा परिणाम बॉडीतूनच पुढे पोचतो. बॉडी पिळत असेल तर तो वाटेतच जिरतो. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी आणि काचेखालच्या फळीशी पत्र्याची चौकट बांधलेली असते. हॅचबॅकला मागे मोठं भगदाड असतं, उघड्या छताच्या गाडीला तर वरचा अर्धा भागच नसतो. नव्या गाड्यांत पत्रा, वेल्ड आणि काचेचं चिकटवण इतकं चांगलं असतं की हा फरक फारसा जाणवत नाही. पण तीस-पस्तीस वर्षांच्या बॉडीत, जिथे जोड सैल झालेत आणि सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेटीत गंज आहे, तिथे तो नक्की जाणवतो.

याची घरगुती चाचणी आहे. सपाट जागी पुढच्या एका कोपऱ्याच्या जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावून ते चाक जमिनीवरून सुटेल इतकंच उचला. गाडीखाली जायचं नाही, उरलेल्या चाकांना उटी लावायची. आता त्या बाजूचं दार उघडून परत लावा, आणि मागच्या झाकणाच्या दोन्ही कडांच्या फटी बघा. दार खटक्याला घासत असेल किंवा झाकणाची एक फट नाणं जाईल इतकी आणि दुसरी बंद झाली असेल, तर स्प्रिंग-बारवर पैसे घालण्याआधी सिल आणि जोड दुरुस्त करा. पुढच्या दोन स्ट्रट टॉवरना जोडणारा बार त्यानंतर. कुजलेल्या सिलच्या गाडीत चमकदार स्ट्रट बार लावलेला बघून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या माणसाने प्रेमाने खर्च केलेला असतो.

बॉडी तीच आणि इंजिन वेगळं, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ब्रिटिश एमजी कंपनीने स्वतःच करून ठेवलंय. १९६७ साली एमजीबी या आपल्या स्पोर्ट्स गाडीच्या बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन बसवून एमजीसी काढली. इंजिन जुन्यापेक्षा ९० किलोंहून जास्त जड होतं आणि लांबही. जागा व्हावी म्हणून पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनखालची आडवी तुळई बदलावी लागली, कॉइल स्प्रिंग काढून पिळून स्प्रिंगचं काम करणारे टॉर्शन बार घालावे लागले. नाकाच्या जडपणावर तेव्हा खूप टीका झाली आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. मग १९७३ साली त्याच बॉडीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही८ आलं. आठ सिलिंडर, पण ॲल्युमिनियमचे. वजन मूळच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनहून जास्त नव्हतं. पुढे जवळपास मूळचंच सस्पेन्शन राहिलं आणि गाडी नीट वळली. कारखान्याने ती फक्त जीटी या बंद छताच्या बॉडीत विकली, उघड्या गाडीत नाही. सिलिंडर मोजून इंजिन निवडणाऱ्यांना मी नेहमी या दोन गाड्या दाखवतो.

तुमच्याच इंजिनचंही उदाहरण आहे. फोक्सवॅगनने कोराडो या आपल्या कूपेमध्ये व्हीआर६ बसवलं तेव्हा पुढचं सस्पेन्शन चार सिलिंडरच्या कोराडोचं ठेवलं नाही. रुंद ट्रॅकचं (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेलं), पाच बोल्टच्या हबचं दिलं, जे तिसऱ्या पिढीच्या व्हीआर६ गोल्फलाही होतं. रुंद ट्रॅक म्हणजे तेवढ्याच वळणात बाहेरच्या टायरवर कमी भार. कारखान्याने हे शोभेसाठी केलेलं नाही. इंजिनसोबत त्याच गाडीचा पुढचा सबफ्रेम, आर्म, हब मिळत असतील तर आणा. निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या लोखंडात आधीच आहेत.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत चित्र वेगळं असतं. तिथे पुढचं ओझं हा एक भाग आणि मागचं सस्पेन्शन ताकद कसं पेलतं हा दुसरा. जुन्या सेमी-ट्रेलिंग आर्मच्या गाडीत (मागचं प्रत्येक चाक तिरक्या बिजागरीच्या एकाच आर्मवर) शेपूट बसली की मागच्या चाकांचा कॅम्बर आणि टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदलतात. वळणात दाबलेला ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागची बाजू सुटते. ताकद वाढली की हे उठणं-बसणंही वाढतं. आणि इथे बॉडीचा प्रकार फसवतो: बीएमडब्ल्यूच्या ई३६ पिढीच्या सेडान आणि कूपेला मागे मल्टी-लिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांडे) आहे, पण त्याच ई३६ च्या आखूड हॅचबॅकला, म्हणजे कॉम्पॅक्टला, मागे आधीच्या ई३० पिढीचंच सेमी-ट्रेलिंग सस्पेन्शन आहे. नाव एक, पुढचा भाग एक, मागे वेगळीच गाडी. सेडानसाठी कुणी सांगितलेलं सेटिंग कॉम्पॅक्टला लावू नका. पाट्यांवरचा सलग ॲक्सल असेल तर जास्त टॉर्कने पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात आणि चाकं उड्या मारतात. तिथे कडक पाटे नकोत, ॲक्सलला धरणारे टॉर्क आर्म हवेत. डबल विशबोनमध्ये (चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) कॅम्बर चांगला टिकतो, म्हणून माझदाच्या मियाटासारख्या गाडीत ओझं वाढलं तरी ती माफ करते. मात्र स्प्रिंग विकत घेताना चूक होते: तिथे स्प्रिंग आर्मच्या मध्ये कुठेतरी बसते. चाकाच्या १०० मिमी चालीत स्प्रिंग ६५ मिमी दबत असेल तर चाकापाशी २० मिळायला स्प्रिंग ४७ ची लागते. स्ट्रटच्या गाडीचा आकडा तिथे उचलून लावला तर गाडी थेट रबरावर बसते.

जागेसाठी इंजिन वर उचलून बसवू नका, एवढंही सांगतो. सम्प, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, क्रॉसमेंबरला लागतो म्हणून ३० मिमीचे ठोकळे घालून इंजिन वर घेतलेल्या गाड्या मी बघितल्यात. सम्प बदला. क्रॉसमेंबर कापायचाच असेल तर कापलेली जागा पूर्ण पेटी करून बंद करा, कारण लोअर आर्मही त्यालाच धरलेला असतो.

तुमच्या गाडीत मी या क्रमाने हात घालीन. पहिल्यांदा ती चार चाकांच्या काट्यावर, तुम्ही सीटवर बसलेले आणि टाकी अर्धी, अशी तोलून घ्या. मग वजन मागे न्या. १८ किलोची बॅटरी २८०० मिमी मागे, डिकीत नेली की पुढच्या ॲक्सलवरून २० किलो उतरून मागच्यावर जातात, एक रुपयाचं वजन कमी न करता. पेटी पक्की बोल्ट केलेली, हवा बाहेर काढणारी नळी लावलेली आणि बॅटरीजवळच मोठा फ्यूज घातलेला हवा. नंतर पुढची उंची परत मूळ जागी आणा, मूळच्यापेक्षा २० ते २५ टक्केच कडक अशा पूर्ण लांबीच्या स्प्रिंगांनी आणि जुळणाऱ्या डॅम्परनी. तरीही गाडी खाली हवी असेल तर लांब दांड्याचे बॉल जॉइंट घालून आर्मचा कोन परत आणा आणि टाय रॉडचं टोकही तेवढंच खाली घ्या. एकच केलं तर बंप स्टिअर आणखी वाढतं. अलाइनमेंट यानंतर, आधी नाही. मागचा जाड बार काढून ठेवा, आणि वजन मागे गेल्यावर परत लावून बघा. तेव्हा त्याला ढकलायला काहीतरी असेल. वळणातून बाहेर पडताना पाय दाबल्यावर नाक पळत असेल तर ते काम मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलचं (एक चाक घसरू लागलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणाऱ्या) आहे, स्प्रिंगचं नाही.

आणि ब्रेक. पुढे शंभर किलो वाढले आणि मागचे टायर हलके झाले, म्हणजे मागची चाकं आता लवकर जाम होतील. मागच्या ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह ट्विस्ट बीमला स्प्रिंगने जोडलेला असेल तर तो शेपटीची उंची बघून काम करतो. उंची बदलली की त्याचं सेटिंगही परत करावं लागतं. मोकळ्या, ओल्या जागेवर हळू वेगात ब्रेक दाबून, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुठलं चाक आधी थांबतं ते बघायला सांगा. पुढचं आधी थांबलं पाहिजे. हे होईपर्यंत ती गाडी वळणावर जोरात नेऊ नका.